पायऱ्यांवरचं गाठोडं

(लॉन्ड्री. दुपारचे तीन. पुढे काउंटर आणि इस्त्रीचं टेबल, मागच्या खोलीतून पाण्याचा आवाज. आई काळ्या कोटावर इस्त्री फिरवते आहे, वकीलबाई समोर उभ्या आहेत.)

वकीलबाई: मावशी, कोट झालाय. तुम्ही तीच बाही तिसऱ्यांदा दाबताय.

आई: दाबावी लागते. सोमवारी कोर्टात तुम्ही हात वर करून बोलाल आणि जजसाहेब खटला सोडून विचारतील, बाईंची लॉन्ड्री कुठली. बसा त्या स्टुलावर. आणि त्या माणसाचं काय होतं ते सांगा.

वकीलबाई: कुठल्या माणसाचं?

आई: आत्ता विचारलं त्याचं. घरात पाऊल टाकलं नाही, कुलपाला हात लावला नाही, बाहेर गाडीत बसून होता.

वकीलबाई: ओळखीतला आहे का?

आई: सिरियलमधला आहे. नेमकी वीज गेली आणि पुढचं बघायचं राहिलं.

वकीलबाई: गाडीत कशाला बसला होता?

आई: गाडी त्याची म्हणून. दुसऱ्याच्या गाडीत फुकट कोण बसू देतो?

वकीलबाई: आणि आत गेलेले बाहेर येईपर्यंत थांबला. मग त्यांना घेऊन निघाला.

आई: हो.

वकीलबाई: मावशी, कायदा पावलं मोजत नाही. घरात कुणाचा पाय पडला, कुणाचा नाही, हे नंतर. सगळे ठरवून एकाच कामाला गेले होते का, हे आधी. ठरवून गेले असतील तर कुलूप फोडणारा आणि गाडीत बसलेला, दोघांनी मिळून ते कुलूप फोडलं असं धरतात.

आई: हा कुठला न्याय? म्हणजे कपडे धुणारा, इस्त्री करणारा आणि घरी पोचवणारा, सगळे एकच?

वकीलबाई: शर्ट जळाला तर गिऱ्हाईक कुणाला बोलतं?

आई: मला बोलतं. इथे सगळं मलाच बोलतात.

वकीलबाई: तसंच ते.

आई: आणि त्याला माहीतच नसेल तर? कुणी सांगितलं, अरे, एक कपाट हलवायचंय, गाडी घेऊन ये. हा गेला बिचारा.

वकीलबाई: शेवटपर्यंत माहीत नसेल तर तो नुसता गाडीवाला. पण कळल्यावर काय केलं, हे विचारतात. निघून गेला? ओरडला? की बसून राहिला?

आई: बसून राहिला तर?

वकीलबाई: नुसता बसून राहिला, तर वकिलाला बोलायला थोडी जागा असते. घाबरला, सुचलं नाही, असं म्हणता येतं. पण मदतीला हात पुढे केला, एक पिशवी जरी उचलली, तर ती जागा गेली.

आई: एका पिशवीनं.

वकीलबाई: एका पिशवीनं.

आई: आता वर्षं सांगा. नुसतं धरतात आणि मानतात नको.

वकीलबाई: दिवसा घर फोडलं तर कमी. रात्री, कुलूप तोडून, चोरीसाठीच शिरले असतील तर शिक्षा चौदा वर्षांपर्यंत जाऊ शकते.

आई: चौदा.

वकीलबाई: पर्यंत, म्हणतेय मी. ती वरची हद्द. पहिला गुन्हा आहे का, माल परत आला का, माणूस स्वतःहून आला की पकडून आणावा लागला, त्याचा हात त्यात कितपत होता, हे सगळं बघून ठरतं.

आई: चौदा वर्षांनी मी भिंतीवरच्या फोटोत असेन.

वकीलबाई: तुम्ही? सिरियलमधल्या माणसाचं चाललंय ना?

आई: त्याची आई माझ्याच वयाची आहे. पुढचं ऐका. तिथे एक म्हातारा वॉचमन होता. त्याला धक्का दिला. ह्यानं नव्हे हो, दुसऱ्यानं. पायरीवर डोकं आपटलं. ते कुणाच्या अंगावर येतं?

वकीलबाई: मावशी, ती इस्त्री बाजूला ठेवा.

आई: का?

वकीलबाई: कोट जळेल. आणि ही सिरियल परवाच्या पेपरात आली होती. मास्तरीणबाईंचं घर. पुढच्या गल्लीतलं.

आई: पेपरवाले काय, काहीही छापतात.

वकीलबाई: एक शब्दही पुढे बोलू नका. आधी मला सांगा, मी ह्या स्टुलावर गिऱ्हाईक म्हणून बसलेय की वकील म्हणून?

आई: बूड एकच आहे, फरक काय पडतो?

वकीलबाई: गिऱ्हाईक म्हणून ऐकलं तर उद्या पोलिसांनी विचारल्यावर मला सांगावं लागेल. वकील म्हणून ऐकलं तर माझ्या तोंडाला कुलूप.

आई: मग वकील म्हणून बसा. हवा तर कोट अंगावर घाला.

वकीलबाई: कुणाची वकील? तुमची?

आई: थोरल्याची.

वकीलबाई: त्यानं तुम्हाला सांगितलं?

आई: तो काय सांगतोय. तीन दिवस तोंडातून शब्द नाही. काल डॉक्टरांच्या पांढऱ्या शर्टाची कॉलर जाळून ठेवली. आजवर ह्या दुकानात कॉलर जळाली नव्हती. जेवताना भाकरी मोडतो आणि तशीच ठेवून उठतो. सून माहेरी गेलीय, तिला फोनवर म्हणतो, सगळं छान आहे. छान म्हणणारा नाहीये तो. आयुष्यात कशाला छान म्हणाला नाही.

वकीलबाई: कॉलर जळाली म्हणून कुणी घरफोडीत जात नाही, मावशी.

आई: तुम्हाला दाखवते. थांबा. थोरल्या. ए थोरल्या, नळ बंद कर आणि बाहेर ये.

थोरला: काय गं? हात ओले आहेत माझे.

आई: पूस. वकीलबाईंच्या चादरी न्यायच्यात, बांधून दे.

थोरला: पिशवी आहे की.

आई: पिशवी नको, बांधून दे. चार चादरी, दोन पडदे. हे घे.

थोरला: ताई, रिक्षानं जाणार की चालत?

वकीलबाई: चालत.

थोरला: मग हाताला धरायला जरा मोकळं ठेवतो. झालं. घ्या.

आई: आता ही गाठ तुम्ही सोडा, वकीलबाई.

वकीलबाई: मी?

आई: सोडून बघा.

वकीलबाई: ही... नाही, ही इकडून नाही. अहो, जितकी ओढतेय तितकी घट्ट होतेय. नख तुटेल माझं.

आई: नाही सुटायची. दोन फेरे देऊन तिसरा पोटातून उलटा काढलाय. ते आखूड टोक दिसतंय ना, तेवढंच ओढायचं.

वकीलबाई: अरे वा. एका झटक्यात सुटली.

आई: माझ्या सासूची गाठ. तिनं मला शिकवली, मी ह्याला शिकवली. धाकटा परगावी नोकरीला गेला, त्याला कधी जमली नाही. गावात दुसऱ्या कुणाला येत नाही. आता थोरल्या, मी बुधवारी सकाळी मास्तरीणबाईंच्या दारात गर्दीत उभी होते. पायऱ्यांवर एक गाठोडं पडलेलं होतं. चोर टाकून पळाले म्हणत होते. आत चांदीची भांडी आहेत म्हणे. बाहेरून मास्तरीणबाईंची निळ्या काठाची चादर, दोन वर्षं माझ्या हातातून गेलेली. आणि वर ही गाठ.

वकीलबाई: मावशी, हळू बोला. दार उघडं आहे.

आई: दार उघडंच असतं माझ्या दुकानाचं. बोल.

थोरला: आई...

आई: आई नंतर. बोल.

वकीलबाई: थांब. माझ्याकडे बघ. मी आता तुझी वकील आहे. इथे बोलशील ते माझ्यापाशी राहील. खोटं बोललास तर मात्र मी तो कोट घालून घरी जाईन. कोण कोण होतं?

थोरला: रंगारी. आणि त्याचा मेहुणा.

आई: माझ्या दुकानाची पाटी रंगवली तो? हाताला वळण नाही त्याच्या, अक्षरं सगळी उताराला लागल्यासारखी.

वकीलबाई: मावशी. घर रिकामं आहे हे त्याला कुणी सांगितलं?

थोरला: मी. म्हणजे तसं नाही सांगितलं. तो विचारत होता, काम कसं चाललंय. मी म्हटलं, ह्या महिन्यात हलकं आहे, मास्तरीणबाई लेकीकडे गेल्यात, त्यांचे कपडे नाहीत. एवढंच.

वकीलबाई: तेव्हा त्याच्या मनात काय आहे ते ठाऊक होतं?

थोरला: नाही. शपथ.

वकीलबाई: शपथ राहू दे. तेवढं खरं असेल तर ते बोलणं तुझ्या अंगावर येत नाही. पुढे.

थोरला: आठवड्यानं म्हणाला, रात्री टेम्पो घेऊन ये. एक कपाट हलवायचंय, दिवसा रहदारी असते.

वकीलबाई: टेम्पोवर लॉन्ड्रीचं नाव आहे. ते झाकलं होतं?

थोरला: त्यानं कागद चिकटवला.

वकीलबाई: तुझ्यासमोर?

थोरला: हो.

वकीलबाई: कपाट हलवायला नाव झाकावं लागतं?

थोरला: तेव्हाच कळलं मला, ताई. नाही कशाला म्हणू.

आई: कळलं. आणि चावी फिरवलीस.

थोरला: हो.

आई: का? काय कमी होतं रे तुला? दोन वेळा ताटात पडत होतं, अंगावर कपडा, तोही गावातला सगळ्यात चांगला इस्त्री केलेला. कशासाठी?

थोरला: तुला नाही कळायचं.

आई: शाळा दोन इयत्ता शिकले, पण पोटचं पोर कळतं मला. सांग.

थोरला: तो म्हणाला, तुझ्याशिवाय जमणार नाही.

आई: मग?

थोरला: मग काही नाही. बत्तीस वर्षांचा झालो. हे वाक्य मला कुणी म्हटलं नव्हतं. ह्या दुकानात साबण कुठला आणायचा तेही मला कुणी विचारत नाही.

आई: म्हणजे खापर माझ्या डोक्यावर.

थोरला: तू विचारलंस म्हणून सांगितलं.

वकीलबाई: ते दोघांनी घरी भांडा. गाडी उभी केलीस. आत कोण गेलं?

थोरला: ते दोघं. मी गाडीत होतो. मग ते गाठोडं घेऊन आले. ताई, ते गाठोडं... चादरीची चार टोकं नुसती मुरगळून धरली होती. एक वाटी तर पडलीच बाहेर, केवढा आवाज झाला. पायऱ्या उतरेपर्यंत सगळं सांडलं असतं. मला बघवेना. मी उतरलो.

वकीलबाई: उतरलास.

थोरला: म्हटलं, ठेवा खाली. असं नेतात का कुणी. आणि बांधून दिलं.

आई: अरे देवा. गाडीत नुसता बसला असतास तरी चाललं असतं. आत्ता सांगत होत्या ह्या. थोडी जागा होती म्हणे. तुला सैल गाठोडं बघवलं नाही.

थोरला: हात आपोआप गेले.

आई: माझ्याच हातांनी शिकवलं. सैल बांधलं की पाठीत धपाटा घालायचे मी.

वकीलबाई: वॉचमन कधी आला?

थोरला: तेव्हाच. मी गाठ ओढत होतो. त्यानं बॅटरी मारली तोंडावर.

वकीलबाई: ओळखलं?

थोरला: रोजचा आहे तो. त्याचा युनिफॉर्म आपल्याकडेच असतो. म्हणाला, थोरल्या, तू रे?

आई: नाव घेतलं.

थोरला: नाव घेतलं म्हणूनच रंगाऱ्यानं ढकलला त्याला. मी त्याला कुशीवर केलं, गाडीतला टॉवेल घडी करून डोक्याखाली दिला. म्हणून गाठोडं तिथंच राहिलं. मेहुणा ओढत होता मला, चल म्हणून. मी निघालो.

वकीलबाई: कुणाला फोन केलास? ॲम्ब्युलन्सला?

थोरला: नाही.

वकीलबाई: दुसरा कुठला माल तुमच्याकडे? इथे, घरी, गाडीत?

थोरला: काही नाही. एक घड्याळ देत होता, मी घेतलं नाही.

वकीलबाई: एवढं एक बरं केलंस. घेतलं असतंस तर त्याचं वेगळं कलम लागलं असतं.

आई: फोन वाजतोय कुणाचा?

थोरला: माझा. राहू दे.

आई: बघू. रंगारी. हे बघा, नाव आलं. उचलू का? चांगली पाटी रंगवते त्याची.

वकीलबाई: कुणीही उचलायचा नाही. सकाळपासून कितीदा आला?

थोरला: सहा-सात वेळा.

वकीलबाई: एकदा तरी बोललास ना?

थोरला: काल. तो म्हणतो, गप्प बस. पकडलं तरी आम्ही म्हणू, ह्याला काही माहीत नव्हतं, भाड्यानं गाडी आणली होती. तू सुटशील. फक्त तू तोंड उघडू नकोस.

आई: मग काय वाईट बोलला? वकीलबाई, हे जमेल ना? मी सांगते पोलिसांना. ते गाठोडं मी बांधलेलं. आठ दिवसांपूर्वी कपडे पोचवले होते त्यात, चोरांनी तेच उचललं.

वकीलबाई: गाठोडं बांधलेलं असताना चांदी आत कशी गेली?

आई: सोडून भरली.

वकीलबाई: आणि परत तीच गाठ मारली? आत्ताच म्हणालात, गावात दुसऱ्या कुणाला येत नाही.

आई: तुम्ही माझ्या बाजूच्या की त्यांच्या?

वकीलबाई: मी न विचारलेलं ते विचारतील. आणि मावशी, तुम्ही खोटं सांगितलंत तर एका घरातले दोन आरोपी होतील. पुरावा लपवणं, गुन्हेगाराला पाठीशी घालणं, हाही गुन्हाच. नवरा-बायकोनं एकमेकांना लपवलं तर कायदा थोडा डोळेझाक करतो. आईला ती सूट नाही.

आई: कायदा लिहिणाऱ्याला आई नव्हती वाटतं.

वकीलबाई: असेल. धाकात ठेवणारी असेल.

थोरला: आई, तू काही सांगूच नकोस. गाठ आपली नाही एवढंच म्हणायचं. पोलिसांना काय कळतं गाठीतलं. त्यांनी गाठोडं उघडलंसुद्धा नाहीये, मालकीण आल्यावर तिच्यासमोर उघडू म्हणून तसंच सील करून नेलंय.

आई: आणि मालकीण उद्या सकाळी येतेय. तिला ही गाठ येते.

वकीलबाई: मास्तरीणबाईंना?

आई: बांधता नाही, सोडता येते. संधिवातानं तिची बोटं वळत नाहीत. मला म्हणाली, तुझं गाठोडं उघडायला मला शेजाऱ्याला बोलवावं लागतं. मी घरी जाऊन शिकवली तिला. दर आठवड्याला सोडते. बघताक्षणी ओळखेल.

थोरला: मग तू आज संध्याकाळी फोन कर तिला. तुझं ऐकते ती. सांग, ओळख दाखवू नका.

आई: तिच्याच घरची चांदी, आणि तिनंच ओळख दाखवायची नाही?

थोरला: परत मिळतेय ना चांदी. तिचं काय नुकसान झालं? आणि वॉचमन...

आई: वॉचमनचं काय?

थोरला: काही नाही.

आई: नाही कसं. तू रोज हॉस्पिटलात फोन करतोस. परवा दोनदा केलास, काल तीनदा, आज सकाळी मी कानांनी ऐकला. मला वाटलं, पोराला काळजी आहे. काय विचारतोस तू त्यांना?

थोरला: कसा आहे म्हणून.

आई: आणि ते काय सांगतात?

थोरला: शुद्धीवर आला नाही अजून.

आई: ते ऐकून तुला बरं वाटतं की वाईट?

थोरला: आई, काहीतरीच काय.

आई: आज सकाळी फोन ठेवलास आणि तीन दिवसांत पहिल्यांदा चहा पूर्ण प्यायलास. मी बघत होते. बोल. तो उठला तर तुझं नाव घेईल. उठला नाही तर?

थोरला: ताईंच्या चादरी परत बांधायच्यात.

आई: वकीलबाई, तुम्ही ऐका. हे ह्याचं उत्तर ऐका.

वकीलबाई: मी ऐकतेय. थोरल्या, आता मी काय सांगते ते तू ऐक. रात्रीच्या घरफोडीत सामील झालेल्यांपैकी एकानं कुणाला जबर जखमी केलं, तर ते सगळ्यांवर येतं. ढकलणारा एक असला तरी. आणि तो म्हातारा गेला तर चौदाचा हिशोब संपला, मग जन्मठेपेपर्यंत जातं. तू ज्याची वाट बघतोयस, त्यानं तू सुटत नाहीस. आणखी आत जातोस.

थोरला: मी वाट बघत नव्हतो. मी फक्त... मला झोप येत नाही, ताई. डोळे मिटले की बॅटरी.

आई: तुझ्या लग्नात तो पहाटेपासून उभा होता. कडक इस्त्रीच्या युनिफॉर्ममध्ये. म्हणाला, दुसरे चांगले कपडे नाहीत, मावशी, पण हे तूच केलेत, म्हणजे चांगलेच.

थोरला: आठवतंय मला.

आई: मी काय केलंय ठाऊक आहे? गिऱ्हाइकाच्या खिशात सेफ्टी पिन निघाली तरी पाकिटात घालून परत केली. लोक हसायचे मला. त्या पिनेपासून इथवर आले, आणि आता मास्तरीणबाईंसमोर उभी राहून म्हणू, ही गाठ माझी नाही? सासू वरून थुंकेल माझ्यावर. ती नाही थुंकली तर मीच थुंकेन.

थोरला: मग मला पाठव आत. चौदा वर्षं. तुझं नाव चांगलं राहील.

आई: माझ्या नावाला तू काय हात लावतोस. ते मी सांभाळेन. वकीलबाई, आज गेला तर काय आणि उद्या धरला तर काय, एवढं सांगा. गोड करून नको.

वकीलबाई: गोड नाहीच आहे. आज, मास्तरीणबाई यायच्या आधी, वॉचमन शुद्धीवर यायच्या आधी, स्वतःहून गेला तर त्याचं वजन वेगळं. आत गेला नाही, माल घेतला नाही, ढकललं दुसऱ्यानं, जखमीला कुशीवर वळवलं. टॉवेल सापडला असेल. हे सगळं मी मांडू शकते. सगळं खरं आणि पूर्ण सांगितलं तर माफीचा साक्षीदार म्हणून अर्ज करता येतो. तो मंजूर करायचा की नाही, कोर्ट ठरवतं. मी वचन देत नाही. काही वर्षं जातीलच, असं धरून चला.

आई: काही म्हणजे?

वकीलबाई: मावशी, आकडा मागू नका. खोटा आकडा देणारे वकील समोरच्या बिल्डिंगमध्ये बसतात.

आई: आणि उद्या धरला तर?

वकीलबाई: मग तिघांमधला एक. आणि ते दोघं आधी बोलले, तर ढकलणारा हाच होता असंही सांगतील.

थोरला: रंगारी नाही सांगणार असं.

आई: अक्षरं सरळ काढता येत नाहीत त्याला, तो सरळ बोलणार?

थोरला: परत वाजतोय.

आई: वाजू दे. इकडे ये. तो शर्ट काढ.

थोरला: का?

आई: कॉलर बघ कशी झालीय. असा जाणार आहेस का? हा घे. सकाळीच करून ठेवलाय.

थोरला: सकाळी? तुला सकाळीच माहीत होतं?

आई: मला बुधवारीच माहीत होतं. तीन दिवस वाट बघितली, तू येऊन सांगशील म्हणून. तुझे आणि माझे, दोघांचेही दिवस वाट बघण्यातच गेले.

वकीलबाई: चला, माझी गाडी कोपऱ्यावर आहे. वाटेत हॉस्पिटलला फोन करू. ह्या वेळेला मी विचारते. आणि पोलीस चौकीत गेल्यावर मी शेजारी बसल्याशिवाय एक शब्दही बोलायचा नाही.

आई: वकीलबाई, तुमची फी.

वकीलबाई: कोटाच्या तीन इस्त्र्या झाल्यात. नंतर बघू.

आई: बाकीच्या दोन मी माझ्या समाधानासाठी केल्या. त्या धरू नका. थोरल्या, बटण लाव वरचं. थांब, मी लावते.

थोरला: आई, साबण संपत आलाय मागे. दोन दिवस पुरेल.

आई: कुठला आणू?

थोरला: काय?

आई: साबण. कुठला आणू म्हणतेय.

थोरला: तो... निळ्या पाकिटातला. पांढऱ्याला तोच बरा.

आई: आणते. आणि एक ऐक. बुधवारी त्या गर्दीत उभी होते ना, तेव्हा ते गाठोडं दिसलं आणि पहिलं मनात काय आलं, सांगू? चोर कसा का असेना, बांधणी चोख आहे. मग कळलं कुणाची ते.

थोरला: असं कधी म्हणाली नव्हतीस.

आई: म्हणायचं राहिलं. आता निघ.

थोरला: ताई म्हणतात त्या बसल्याशिवाय बोलायचं नाही. मग तिथे गेल्या गेल्या करू काय मी?

आई: बोलू नकोस. आधी पोलिसांना ती गाठ सोडून दे. कात्री लावू देऊ नकोस, चादर मास्तरीणबाईंची आहे.